न सुटलेल्या गाडीचं भाडं

आमच्या कोषागार कार्यालयात नव्याने लागलेल्या माणसाला सगळ्यात आधी एकच गोष्ट शिकवली जाई : बिल नाकारायचं कसं. मंजूर काय, कुणीही करतं. त्याला सही आली की पुरतं. नाकारताना मात्र हात साफ हवा. कारण एकच द्यायचं, तेही अर्धं. उरलेलं अर्धं पुढच्या खेपेसाठी राखून ठेवायचं, म्हणजे माणूस त्रुटीची पूर्तता करून घामाघूम होत परत आला की त्याच्यासाठी ताजी त्रुटी तयार असते. या कलेत मी जिल्ह्यात बऱ्यापैकी नाव कमावलं होतं. प्रवासभत्त्याचं बिल घेऊन आलेले मास्तर खिडकीत मी दिसलो की "साहेब जेवायला गेलेत का?" असं मलाच विचारून माघारी वळत.

या क्षेत्रात आपल्याला शिकण्यासारखं आता काही उरलेलं नाही, अशा समजुतीत मी निवृत्त झालो. मग मी एक व्हिडिओ गेम विकत घेतला.

या वयात व्हिडिओ गेम कशाला, हा प्रश्न घरात वेगवेगळ्या स्वरांत विचारून झालेला आहे, तेव्हा तुम्ही त्रास घेऊ नका. माझं बालपण कर्जतचं. कर्जतला वाढलेल्या माणसाला इंजिनाचं वेड नसेल तर त्याचा जन्मदाखला तपासून घ्यावा. बोरघाटाचा चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे जायचं तर एक फूट वर चढायचं. मुंबईहून आलेल्या गाडीला तो एकटीने झेपत नसे, म्हणून कर्जतला तिच्या मागे बँकर इंजिनं लागत. गाडीतल्या लोकांच्या लेखी कर्जत म्हणजे वडापावसाठी मिळालेली पाच मिनिटं. आम्हा पोरांचं लक्ष वडापावकडे नसे. मागे कपलिंग लागताना जो 'धड' असा आवाज होई, त्याच्यासाठी आम्ही शाळा बुडवत असू. मोठेपणी इंजिनड्रायव्हर व्हायचं, हे ठरलेलंच होतं. सातवीत चष्मा लागला आणि हाती इंजिनाच्या दांड्याऐवजी टाचणी आली.

त्यामुळे आल्प्स पर्वतातल्या रेल्वेमार्गावर आपण स्वतः गाडी चालवायची, असा गेम २,४९९ रुपयांचा ९९९ ला मिळतोय, असं लॅपटॉपवर दिसल्यावर माझं काय झालं असेल ते समजून घ्या. शेजारी एक घड्याळ उलटं पळत होतं. सवलत संपायला काही तास उरले होते. मी अर्थातच घाई केली नाही. हिशेबातला माणूस. 'किमान आवश्यकता' नावाचा तक्ता असतो, तो कागदावर उतरवून घेतला आणि लाल पेन्सिलने एकेका बाबीसमोर खूण केली. प्रोसेसर, बसतोय. रॅम, बसते. ग्राफिक्स, बसतंय. डिस्कवर जागा, गेल्या लग्नाचे फोटो काढले की बसतेय. एवढी छाननी मी सरकारी पैशांचीसुद्धा केली नव्हती.

गेम उतरायला अख्खा दिवस गेला. संध्याकाळी बायकोला बोलावून शेजारच्या खुर्चीवर बसवलं, कारण आल्प्स एकट्याने बघण्याची गोष्ट नाही. बटण दाबलं. आधी बनवणाऱ्यांचं बोधचिन्ह आलं. मग तुताऱ्या वाजल्या. मग बर्फाची शिखरं आली, त्यांच्यामधून एक लाल गाडी वळण घेत आली, आणि पडदा काळा झाला.

संपूर्ण काळा. मधोमध माऊसचा बाण तेवढा पांढरा. लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज मात्र वाढत चालला होता, आणि निव्वळ आवाजावर विसंबायचं तर गाडी कुठल्याही क्षणी फलाट सोडेल अशी लक्षणं होती.

"हे काय?" बायकोने विचारलं.

"बोगदा असेल."

ती थोडा वेळ थांबली. "बराच मोठा दिसतोय."

स्वित्झर्लंडमधला गोट्टहार्डचा पायथ्याचा बोगदा ५७ किलोमीटर लांब आहे, २०१६ साली तो सुरू झाला आणि जगातला तो सगळ्यात लांब रेल्वे बोगदा आहे, अशी माहिती मी तिला पुरवली.

"मग बाहेर आलात की हाक मारा," असं म्हणून ती कुकर लावायला गेली.

भाच्याला फोन केला. घरातल्या विजेवर चालणाऱ्या सर्व वस्तूंबाबत आमच्या कुटुंबात भाच्याचा शब्द अखेरचा असतो. तो म्हणाला, "मामा, शेडर्स कंपाइल होत असतील."

"म्हणजे कोण?"

"अरे, बर्फ कसा चमकायचा, पाणी कसं हलायचं, सावली कुठे पडायची, याची सगळी गणितं गेम तुझ्या ग्राफिक्स कार्डाला समजतील अशी मांडून घेतो. पहिल्या वेळी वेळ लागतो. बंद करू नकोस हां, नाहीतर परत पहिल्यापासून."

बर्फाची गणितं मांडली जात असताना त्यात व्यत्यय आणणारा मी कोण? लॅपटॉप तसाच चालू ठेवला, पडद्याकडे एकदा आदराने बघितलं आणि झोपलो. रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा पंखा फिरत होता. गणितं चाललेली दिसत होती. सकाळी चहा घेऊन बसलो तरी पडदा काळाच. आल्प्समध्येही एव्हाना उजाडायला हवं होतं.

यानंतर जे सुरू झालं त्याला भाचा 'ट्रबलशूटिंग' म्हणतो. ग्राफिक्सचं नवं सॉफ्टवेअर चढवलं. गेम तसाच राहिला, पण पडद्यावरची सगळी अक्षरं एवढी मोठी झाली की वीजबिलावरची रक्कम वाचायला बाजूला सरकवत न्यावी लागे. ती लहान केली. फायली तपासून घेतल्या. सगळ्या धडधाकट निघाल्या. गेम काढून परत टाकला, म्हणजे आणखी एक दिवस उतरण्यात गेला आणि त्या दिवशी घरात कुणालाही मालिका बघता आली नाही, याची भरपाई मी अजून करतो आहे. मग भाच्याने फोनवरून मला लॅपटॉपच्या अगदी पोटातल्या, निळ्या पडद्याच्या जागी नेलं आणि तिथली एक खूण बदलायला लावली. खूण बदलली. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला आणि त्याने माझ्याकडे ४८ आकडी किल्ली मागितली.

"ती तुझ्या खात्यात असेल, मामा."

खात्यात जायला पासवर्ड लागतो. पासवर्ड विसरला तर ओटीपी येतो. तो आला, माझ्या जुन्या नंबरवर. जुना नंबर हल्ली माझ्या साडूंकडे असतो. साडू तेव्हा अष्टविनायक यात्रेत होते. ओझरच्या रांगेत उभं राहून त्यांनी मला ओटीपी वाचून दाखवला. तोवर त्याची मुदत संपली होती. दुसरा आला तेव्हा ते गाभाऱ्यात होते. तिसरा त्यांनी लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना धापा टाकत सांगितला, आणि मग ४८ आकडे एकेक करून घातल्यावर माझा लॅपटॉप मला परत मिळाला. गेम लावला. तुताऱ्या, शिखरं, लाल गाडी, काळोख.

एव्हाना मी शांत झालो होतो. चालत नाही तर चालत नाही, पैसे परत मागू. भाचा म्हणाला, सोपं आहे. या दुकानाचा नियम असा की खरेदीला चौदा दिवस झालेले नसावेत आणि गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असावा. मला हसूच आलं. दिवस शिल्लक होते, आणि खेळण्याचं म्हणाल तर दोन तास कसले, दोन सेकंदही नाही. इतकं निर्दोष बिल माझ्या खिडकीवर आलं असतं तर मी संशयाने परत पाठवलं असतं.

परतावा मागणीच्या पानावर कारण निवडायचं होतं. 'चुकून घेतला', 'आवडला नाही', 'चालत नाही' अशी यादी. 'चालत नाही'वर खूण केली. उत्तर काही मिनिटांत आलं. इंग्रजीत होतं, पण मला ते थेट आमच्या कार्यालयीन मराठीतच ऐकू आलं : आपली विनंती तपासण्यात आली. आमच्या नोंदीनुसार आपण सदर गेम अकरा तासांहून अधिक काळ खेळलेला आहे. सबब विनंती मान्य करता येत नाही. गेमचा आनंद घेत राहा.

मी ते पुनःपुन्हा वाचलं. रागाने नव्हे, रागाची पाळी नंतर आली. आधी वाटलं ते कौतुक. काय सफाई होती! मी झोपलो होतो ती सगळी रात्र त्यांनी माझ्या नावावर खेळ म्हणून चढवली होती. मास्तरांनी एसटी चुकल्यामुळे स्टँडवर काढलेली रात्र कुठल्या सदराखाली नाकारायची, यावर आम्ही एकेकाळी चहाचे पेले संपवले होते. पण ती रात्र मास्तरांनी मजेत घालवली, असं लिहायचं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि शेवटचं ते 'आनंद घेत राहा'. आम्ही बिल नाकारून नुसते गप्प बसत असू.

मग चॅटची खिडकी गाठली. इथे खिडकीपलीकडच्या माणसाचं नाव दरवेळी बदलतं, स्वभाव तोच राहतो. संभाषण मराठीत देतो.

"नमस्कार! आपला दिवस छान चालला असेल अशी आशा करतो."

"गेम चालत नाही."

"हे ऐकून फार वाईट वाटलं. आमच्या नोंदीनुसार आपण अकरा तास खेळला आहात."

"खेळलो नाही. काळा पडदा होता."

"समजलं. काळा पडदा असताना गेम चालू होता का?"

"चालू नव्हता म्हणूनच तर पडदा काळा होता."

"परंतु प्रोग्रॅम चालू होता."

"प्रोग्रॅम चालू होता. गेम चालू नव्हता. मी झोपलो होतो."

"म्हणजे आपण झोपलेले असताना गेम चालू होता, असं मी नोंदवू का?"

मी लिहिलं, "नको." पण पलीकडे टिकटिक सुरू झाली होती.

पुरावा मागितला. हेही रास्तच, पुराव्याशिवाय मीसुद्धा आयुष्यात एक रुपया सोडलेला नाही. पडद्याचं छायाचित्र पाठवा, म्हणाले. मी पाठवलं. उत्तर आलं : जोडलेलं छायाचित्र स्पष्ट दिसत नाही, कृपया अधिक स्पष्ट पाठवावं. मी कळवलं की ते स्पष्टच आहे, विषयच काळा आहे. तेव्हा व्हिडिओ मागवला. मोबाइल समोर धरून काळ्या पडद्याचं चित्रण केलं आणि पाठवून दिलं. दोन दिवसांनी अभिप्राय : व्हिडिओमध्ये आपण दिसत आहात, गेम दिसत नाही. चित्रण परत लावून बघितलं. त्यांचं म्हणणं खरं होतं. काळ्या पडद्यात बनियन घातलेला एक गृहस्थ मोबाइल धरून उभा होता, आणि त्याच्या मागून एक बाई कपड्यांची बादली घेऊन जाता जाता कॅमेऱ्याकडे बघून मान हलवत होती.

पुढे त्यांनी मला गेम बनवणाऱ्यांकडे पाठवलं, कारण दोष गेमचा. बनवणाऱ्यांनी कळवलं की दोषाबद्दल आम्ही दिलगीर आहोत, एका दुरुस्तीवर काम चालू आहे. पैशांचं मात्र दुकानाशी बोला, पैसे त्यांनी घेतले. मी बँकेत फोन लावला. बँकेने सात पर्याय ऐकवून झाल्यावर सांगितलं की आपला व्यवहार यशस्वी झालेला आहे. मी म्हटलं, व्यवहार यशस्वी झाला हीच तर तक्रार आहे. त्यावर त्यांनी मला पहिल्या पर्यायावर परत नेलं. तीन खिडक्या, आणि प्रत्येकीवर 'बाजूच्या खिडकीत विचारा' अशी पाटी. आमच्या कार्यालयात दोनच खिडक्या होत्या, म्हणून आम्ही फार पुढे गेलो नाही.

वेदना अशी की ज्या रेल्वेवरून हा सगळा खेळ उभा राहिला, ती खरी रेल्वे याहून उदार आहे. आपल्या भारतीय रेल्वेची गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवास केला नाहीत, तर ती निघण्याआधी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरला की पूर्ण भाडं परत मिळतं. गाडी रद्द झाली तर ई-तिकिटाचे पैसे न मागताच खात्यात येतात. फलाटावर बाकड्यावर काढलेले तास 'प्रवास' म्हणून कुणी मोजत नाही. मी हे चॅटवर नीट मुद्देसूद मांडलं. उत्तर आलं, "आपण दिलेल्या माहितीबद्दल धन्यवाद. आम्ही रेल्वे कंपनी नाही."

"माझ्याकडे द्या," बायको म्हणाली.

इथे तिच्याबद्दल सांगायला हवं. लक्ष्मी रोडवर 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशा पाटीखाली उभं राहून तिने जेवढा माल परत केला आहे, तेवढा मी विकतही घेतलेला नाही. ती भांडत नाही. आवाज चढवत नाही. दुकानातल्या स्टुलावर बसते, पिशवीतून वस्तू काढून मांडीवर ठेवते आणि आत येणाऱ्या प्रत्येक बाईला अगदी मायेने सांगते, "नीट बघून घ्या हं. उजेडात बघा." चौथ्या गिऱ्हाइकाच्या आत मालक स्वतः येऊन गल्ला उघडतो. एकदा तर त्याने वर कोकमही दिलं होतं, पुन्हा कधी बसायला येऊ नये म्हणून.

ती लॅपटॉपसमोर बसली. पडदा वरखाली केला, सगळीकडे बघितलं आणि विचारलं, "यात बसायचं कुठे?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की या धंद्याची खरी तटबंदी वेगळीच आहे. नियम, अटी, तास मोजणारं यंत्र, हे सगळं वरवरचं. या दुकानात स्टूलच ठेवलेलं नाही. आत येणारं दुसरं गिऱ्हाईक दिसत नाही, गल्ला दिसत नाही, मालकाची बायको दिसत नाही. तुमच्या बाजूला तुम्ही, आणि पलीकडे तुमचा दिवस छान जावा अशी मनापासून इच्छा असलेलं कुणीतरी.

भाच्याला एव्हाना माझी दया येऊ लागली होती. तो मला धीर देणाऱ्या ऐतिहासिक गोष्टी सांगू लागला. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' नावाचा गेम आला. वर्षानुवर्षं वाट बघायला लावून, तारखा पुढे ढकलत आला, आणि जुन्या प्लेस्टेशनवर इतका अडखळला की सोनीने आठवड्याभरात आपल्या ऑनलाइन दुकानातून तो उचलला आणि लोकांना पैसे परत देऊ केले. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो पुन्हा विक्रीला आला. १९८२ साली अटारी कंपनीने 'ई. टी.' सिनेमावर गेम काढला. तो इतका पडला की विकल्या न गेलेल्या गेम-कार्ट्रिजांचे ट्रक अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन कचऱ्याच्या खड्ड्यात पुरले. २०१४ मध्ये लोकांनी ती खणून काढली.

"चालत होती?" मी विचारलं.

"मामा, मुद्दा तो नाहीये."

माझा मुद्दा तोच होता.

"आणि ऑस्ट्रेलियात," तो म्हणाला, "परतावा मिळणारच नाही असं गिऱ्हाइकांना सांगितल्याबद्दल गेम विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीला कोर्टाने २०१६ मध्ये तीस लाख डॉलर दंड केला."

"मग मी तिकडे जाऊन घ्यायला हवा होता का?"

तो गप्प बसला. मेलबर्नच्या विमानाचं भाडं आणि ९९९ रुपये यांचा हिशेब मी मनात करतोय की काय, अशी त्याला भीती वाटली असावी. मी करत होतोच.

मग मामला वरच्या मजल्यावर गेला. आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर ग्राहक चळवळीत उमेदीची वर्षं घालवलेले एक बापू राहतात. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हापासूनचा इतिहास त्यांना तोंडपाठ आहे आणि जिन्यात गाठ पडली की तो आपल्यालाही होतो. मी पैसे परत मिळत नसल्याचं सांगितलं आणि बापूंचं वय दहा वर्षांनी उतरलं.

"२०१९ चा कायदा आहे आपल्याकडे! सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा. पावतीवर मुदत नसेल तर तीस दिवस. ई-कॉमर्सचे नियम २०२० चे. तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत, निवारण महिन्याभरात. परदेशी कंपनी असेना का, इथल्या लोकांना विकते ना? मग लागू. १९१५ ला फोन करा. आणि आयोगात जाऊ. पाच लाखांपर्यंत फी नाही!" त्यांनी कागद ओढला. "मानसिक त्रास झालाय ना?"

"झालाय."

"झोप उडाली?"

"नाही. झोप लागली तिथेच तर घोटाळा झाला."

"ते लिहायला नको. पन्नास हजार लावू. आता सांगा, माल काय?"

"गाडी."

"अरे वा! चारचाकी?"

"रेल्वेगाडी."

बापूंनी पेन खाली ठेवलं. मी घाईघाईने खुलासा केला की खरी नव्हे, पडद्यावरची. पडद्यावर सुरू होऊन पडद्यावरच जाणारी. फक्त ती सुरू होत नाही.

"म्हणजे," बापू एकेक शब्द सावकाश म्हणाले, "खोटी गाडी खरोखर चालत नाही, अशी तुमची तक्रार आहे."

"हो."

"आणि ती तुम्ही घेतलीत. तुम्ही."

"सवलत होती."

बापूंच्या चळवळीत एवढा मोठा पेच कधी आला नसावा. त्यांनी कपाटातून कायद्याचं पुस्तक काढलं, चष्मा पुसला आणि 'माल' म्हणायचं की 'सेवा' यावर विचार करायला मुदत मागून घेतली. तो विचार अजून चालू आहे. त्यांच्याकडच्या शेडर्सनाही वेळ लागतो.

दरम्यान मी नाइलाजाने जाहीर टीकेचा मार्ग धरला. गेमच्या पानावर अभिप्राय लिहिता येतो, तिथे इंग्रजीत एकच वाक्य लिहिलं : हा गेम चालत नाही, कुणी घेऊ नये. अभिप्रायाच्या डोक्यावर लेखक किती तास खेळला ते यंत्र आपोआप छापतं. त्यामुळे जगाला दिसलं ते असं की एक माणूस अकरा तास भान हरपून खेळला आणि मग म्हणाला, चालत नाही. खाली प्रतिक्रिया आल्या. 'एवढे तास वसूल केलेस, आता रडतोस?' 'कुठल्या स्टेशनपर्यंत गेलास?' ब्राझीलच्या कुणीतरी प्रेमाने सुचवलं की पडद्याचा ब्राइटनेस वाढवून बघ. आणि पोलंडच्या एकाने लिहिलं, 'माझाही पडदा काळा आहे, भावा. माझे चाळीस तास झाले.' त्या माणसाशी माझा अजून पत्रव्यवहार आहे. त्याच्याकडे बर्फ पडतो, खिडकीबाहेर.

मंडईत हे प्रकरण मी कुणाला तरी सांगत होतो. शेजारी भेंडी निवडत असलेल्या गृहस्थांनी मान वर केली. ओळख पटायला मला वेळ लागला, त्यांना लागला नाही. मास्तर होते. निवृत्त झालेले, केस पांढरे, पिशवी तीच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये अजिबात बोलले नाहीत. मग हातातली भेंडी मोडून बघत अत्यंत आपुलकीने म्हणाले, "साहेब, मूळ पावती जोडली होती का?"

"हो."

"दोन प्रतींत?"

मी कोथिंबीर न घेताच निघालो. मागून त्यांचा आवाज आला, "पुढच्या महिन्यात परत सादर करून बघा!"

आणि मी केलं. सवय वाईट. पूर्तता, फेरसादर, अपील, सगळ्या पायऱ्या चढलो. शेवटी 'सदर निर्णय अंतिम असून याबाबत पुढील पत्रव्यवहाराची दखल घेतली जाणार नाही' या आशयाचं उत्तर आलं. या मजकुरापुढे जायला वाट नसते, हे ठाऊक असलेल्या माणसांपैकी मी एक आहे. तो मजकूर मी हजारदा टाइप करवून घेतला होता. फक्त आमच्या पत्राखाली तारे नसत. इथे खाली विचारलं होतं की आम्ही केलेल्या मदतीला पाचपैकी किती तारे द्याल. मी एक दिला. ताबडतोब आभाराचा संदेश आला.

गेम अजून लॅपटॉपवर आहे. दुरुस्ती येते अधूनमधून. परवाच्या दुरुस्तीनंतर तुताऱ्या दुप्पट मोठ्याने वाजतात. बायकोने तो काढून टाका म्हटलं, पण पैसे भरलेली वस्तू जागा अडवत असली तरी टाकायची नाही, हा आमच्याकडचा नियम माळ्यावरच्या मिक्सरला लागू आहे तो यालाही लागू आहे.

काल दुकानाचं पत्र आलं. आपला गेल्या काही आठवड्यांतला खेळ आम्ही बघितला, आपल्यासारख्या चोखंदळ आणि चिकाटीच्या खेळाडूसाठी आम्ही खास एक निवड केली आहे. मालवाहू जहाज. कप्तान आपण. नॉर्वेचा किनारा, खरं हवामान, खरे भोंगे. १,९९९ चं ५९९. शेजारी घड्याळ उलटं पळत होतं.

मी फक्त तक्ता उतरवून घेतला. भाच्याचा फोन आला तेव्हा लाल पेन्सिल रॅमपर्यंत पोचली होती.

"मामा, घेऊ नकोस," तो म्हणाला. "दुकान तेच आहे."

"दुकान तेच आहे रे," मी म्हटलं, "पण समुद्रात बोगदा नसतो."